मोटर आणि ड्रायव्हर यांची पत्रिका



गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात मूर्तीच्या मागची प्रभावळ मधूनच का थांबत होती, असे अनेकांनी आम्हाला विचारले. "आरतीला फिरत होती, प्रसादाला थांबली" असे एक काकू म्हणाल्या, ते अगदी खरे आहे. सजावट समितीतल्या आम्हा तिघांना हा खुलासा द्यायलाच हवा, कारण त्या दोन दिवसांत आम्ही दोष एका भलत्याच व्यक्तीला दिला होता. शिवाय यंदा आणखी दोन-तीन कुटुंबांनी घरच्या गणपतीसाठी हलती आरास करायची ठरवली आहे. त्यांनी तरी आमच्यासारखे पैसे आणि मनःस्ताप वाया घालवू नये.

आधी थोडी पार्श्वभूमी. त्याच्या आदल्या वर्षी आम्ही छोटे चक्र केले होते, जेवणाच्या ताटाएवढे. त्याला २८बीवायजे-४८ नावाची छोटी स्टेपर मोटर लावली होती. आर्डुइनोच्या शिकाऊ संचात ही मोटर हमखास असते आणि तिच्यासोबत यूएलएन२००३ चिपचा हिरवा किंवा निळा बोर्डही येतो. ही जोडी घरूनच लग्न लावून आलेली. मोटर ५ व्होल्टची, प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५० ओहम, म्हणजे एका कॉइलमधून फार तर १०० मिलिअँपिअर करंट जाणार. यूएलएन२००३ चा प्रत्येक मार्ग ५०० मिलिअँपिअरपर्यंत सोसतो. त्यामुळे इथे चूक करायला वावच नाही. आतल्या गिअरमुळे बाहेरचा दांडा एक फेरा पूर्ण करायला सुमारे २०४८ पावले घेतो, म्हणून चाल संथ आणि हलक्या चक्राला जोर पुरेसा. आम्हाला वाटले, स्टेपर मोटर म्हणजे एवढेच असते.

गेल्या वर्षी चक्र दोन फुटांचे झाले. मग आम्ही नेमा १७ मोटर आणली. पहिला गैरसमज इथेच. नेमा १७ हे मोटरच्या ताकदीचे नाव नाही, ते फक्त तिच्या चेहऱ्याचे माप आहे. समोरची चौकोनी बाजू सुमारे १.७ इंचांची, म्हणजे ४२ मिलिमीटरच्या आसपास, एवढाच त्याचा अर्थ. त्याच मापात कमी करंटची बारीक मोटरही मिळते आणि दोन अँपिअरची दणकट मोटरही. तेव्हा 'नेमा १७ ला कोणता ड्रायव्हर लावू?' या प्रश्नाला उत्तर नाही. तो प्रश्न 'नऊ नंबरचा बूट घालणाऱ्या माणसाला जेवायला किती लागते?' अशासारखा आहे.

आमच्या मोटरच्या माहितीपत्रकात लिहिले होते : १.७ अँपिअर, १.६५ ओहम, २.८ व्होल्ट. आमच्याकडे १२ व्होल्टचा ३ अँपिअर देणारा अ‍ॅडॉप्टर होता आणि जुन्या रोबो-गाडीतला एल२९८एन बोर्ड होता. बोर्डावर '२ अँपिअर' असे छापलेले. मोटर १.७ ची, बोर्ड २ चा, म्हणजे पत्रिका जुळली! आम्ही तारा जोडल्या.

प्रोग्रॅम लिहिला होता मंडळातल्या आठवीतल्या एका मुलीने. चक्राने एका मिनिटात एक फेरा घ्यायचा, मग क्षणभर थांबून उलट फिरायचे, असा तिचा बेत होता. पण चक्र थोडेसे सरके, थरथरे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करे. आम्ही तिला सांगितले, "अगं, तुझ्या प्रोग्रॅममध्ये कुठेतरी घोळ आहे, बघ." तिने दोन संध्याकाळी शाळेचा अभ्यास बाजूला ठेवून एकेक ओळ तपासली. मोटर काढून तिथे चार छोटे दिवे लावून दाखवले. दिवे अगदी बिनचूक क्रमाने लागत होते. "काका, प्रोग्रॅम बरोबर आहे," ती म्हणाली. आम्ही मान हलवली, पण मनातून विश्वास ठेवला नाही. आम्हा तिघांच्या मिळून इंजिनिअरिंगच्या चार पदव्या, आणि चूक मात्र तिची!

आता खरे काय घडत होते ते सांगतो. एल२९८एन बोर्ड हा मुळात चालू-बंद करणारा आणि दिशा उलटवणारा स्विच आहे. आपल्या हाती येणाऱ्या साध्या बोर्डांत करंटवर ताबा ठेवणारी काहीच सोय नसते. त्यावर छापलेला २ अँपिअर हा आकडा म्हणजे 'मी एवढेच सोसू शकतो'; 'मी एवढेच जाऊ देईन' असा त्याचा अर्थ नव्हे. या दोन वाक्यांतला फरक कळायला आम्हाला दोन दिवस लागले. ओहमच्या नियमाने १२ व्होल्ट भागिले १.६५ ओहम केले तर सात अँपिअरच्या वर जातात. बोर्डातच दोन-तीन व्होल्ट खर्च होतात ते वजा केले तरी एका कॉइलमागे पाच-सहा अँपिअर, आणि कॉइल दोन. तीन अँपिअरच्या अ‍ॅडॉप्टरने काय करावे? त्याचा व्होल्टेज कोसळत होता. त्यातून आर्डुइनोलाही आम्ही त्याच बोर्डावरच्या ५ व्होल्टच्या जोडणीतून वीज दिली होती. अ‍ॅडॉप्टर कोसळला की आर्डुइनो बंद पडे, सावरला की पुन्हा सुरू होई, आणि अर्थातच प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून चाले. बाहेरून बघणाऱ्याला वाटे, प्रोग्रॅमच चुकला आहे.

हे ध्यानात आले शनिवारी रात्री, हॉलमधल्या खुर्च्या उचलून झाल्यावर, आणि तेही बोर्डावरच्या काळ्या पंख्यांना बोट लागून चटका बसल्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलीची सर्वांसमोर माफी मागितली. ती नुसती हसली. तिच्या आईने मात्र आम्हाला बरेच ऐकवले, आणि ते रास्तच होते.

रविवारी ए४९८८ चा छोटा बोर्ड आणला. टपालाच्या दोन तिकिटांएवढा हा बोर्ड खरा ड्रायव्हर आहे, कारण तो करंट मोजतो आणि आपण ठरवलेल्या मर्यादेवर थोपवतो. कसे, ते स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगतो. दूध तापवताना आई सुरुवातीला गॅस मोठा ठेवते, दूध वर आले की झटकन बारीक करते, खाली बसले की पुन्हा मोठा. दूध लवकर तापते पण उतू जात नाही. ड्रायव्हर हेच सेकंदाला हजारो वेळा करतो. १२ व्होल्ट ही मोठी आच, आणि करंटची मर्यादा हा पातेल्याचा काठ. म्हणूनच २.८ व्होल्टच्या मोटरला १२ किंवा २४ व्होल्ट दिले तरी ती जळत नाही. उलट जास्त व्होल्टेजचा फायदाच होतो : कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो, आणि आच मोठी असेल तर तो लवकर चढतो, त्यामुळे मोटर वेगात फिरतानाही जोर टिकवते. मोटरवर लिहिलेले २.८ व्होल्ट हे करंट आणि रेझिस्टन्स यांचा नुसता गुणाकार आहेत, १.७ गुणिले १.६५. अशा ड्रायव्हरबरोबर ते विसरलेलेच बरे.

तेव्हा पत्रिकेतला पहिला ग्रह म्हणजे करंट. ए४९८८ च्या कागदावर २ अँपिअर लिहिलेले असते, पण वर थंड करणारी पट्टी किंवा पंखा नसेल तर साधारण १ अँपिअरपर्यंतच भरवसा ठेवावा. डीआरव्ही८८२५ त्याच आकारात थोडा धिप्पाड, पट्टीशिवाय सुमारे दीड अँपिअर. ए४९८८ ला मोटरसाठी ८ ते ३५ व्होल्ट चालतात, डीआरव्ही८८२५ ला ४५ पर्यंत. आमच्या मोटरला १.७ अँपिअर हवेत असे नव्हे, ती १.७ पर्यंत सोसते. चक्र कागदी पुठ्ठ्याचे, हलके; १ अँपिअरमध्ये ते आरामात फिरले. मोटरला कमी करंट दिला तर जोर कमी मिळतो, बाकी काही बिघडत नाही.

ही मर्यादा ठरवायला बोर्डावर एक इवलासा स्क्रू असतो. बोर्डाला वीज देऊन, मोटर न जोडता, मल्टिमीटरची काळी तार ग्राउंडला आणि लाल त्या स्क्रूला लावली की व्हीरेफ नावाचा व्होल्टेज दिसतो. ए४९८८ साठी हिशोब असा : व्हीरेफ म्हणजे हवा तो करंट गुणिले ८ गुणिले बोर्डावरच्या मोजणीच्या रेझिस्टरची किंमत. इथे आम्ही दुसऱ्यांदा पडलो. कुठेतरी वाचले होते की १ अँपिअरला ०.८ व्होल्ट, तसे लावले, आणि दहा मिनिटांत चिप तापून चक्र झटके देऊ लागले. प्रसादाच्या वेळी थांबले ते हेच. भिंग लावून पाहिले तर आमच्या बोर्डावरच्या काळ्या ठिपक्यांवर आर१०० ऐवजी आर०५० लिहिलेले. म्हणजे ०.१ ओहम नव्हे, ०.०५. आम्ही १ च्या जागी २ अँपिअर मागितले होते! स्क्रू ०.४ व्होल्टवर आणला आणि विसर्जनापर्यंत चक्र अडले नाही. वेगवेगळ्या कारखान्यांचे बोर्ड दिसायला सारखे असतात, म्हणून हे ठिपके वाचल्याशिवाय सूत्र वापरू नका. डीआरव्ही८८२५ ला हिशोब निराळा आहे, नेहमीच्या ०.१ ओहमच्या बोर्डावर १ अँपिअरला ०.५ व्होल्ट. शिवाय त्याचा स्क्रू ए४९८८ च्या उलट टोकाला असतो. एकाच्या जागी दुसरा बसवताना स्क्रू बघून बसवला तर बोर्ड उलटा लागून क्षणात जातो. पायांची छापील नावे बघूनच बसवा.

आणखी एक फसवी गोष्ट. काही जण अ‍ॅडॉप्टरच्या तारेत मीटर लावून करंट बघतात, तिथे जेमतेम अर्धा अँपिअर दिसतो आणि ते स्क्रू आणखी पिळतात. कॉइलमधला करंट आणि अ‍ॅडॉप्टरमधून येणारा करंट हे सारखे नसतात. ड्रायव्हर १२ व्होल्टचे दोन-तीन व्होल्ट करताना करंट वाढवून देतो. मीटरच्या त्या आकड्यावर जाऊ नका.

आता तारा. चार तारांची मोटर असेल तर तिच्या दोन कॉइल, दोन जोड्या. मल्टिमीटरने ज्या दोन तारांत एक-दोन ओहम दिसतात ती एक जोडी. मीटर नसेल तर दोन तारांची टोके एकमेकांना चिकटवून दांडा बोटांनी फिरवा; जड लागला तर जोडी सापडली. जोड्या चुकल्या तर मोटर जागच्या जागी कुरकुरते. सहा तारा असतील तर मधल्या दोन मोकळ्या सोडून ए४९८८ चालतो. पाच तारा असतील, जशा त्या छोट्या २८बीवायजे-४८ ला असतात, तर सगळ्या कॉइलचे मधले टोक आतच एकत्र बांधलेले असते. तिला यूएलएन२००३ च लावा, ए४९८८ लावायच्या भरीस पडू नका.

मोटरच्या वीजजोडणीजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आठवणीने लावा. लांब तारांमुळे वीज चालू करताना क्षणभर मोठी उसळी येते आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवरही ती चिपच्या ३५ व्होल्टच्या पलीकडे जाऊ शकते. आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नये, ड्रायव्हर हमखास जातो. आमचा एक असाच गेला. कोणाच्या हातून, ते सांगत नाही.

संथ चक्रासाठी पावलांचे तुकडे जरूर करा. साधी नेमा १७ मोटर २०० पावलांत फेरा पूर्ण करते. मिनिटाला एक फेरा म्हणजे सेकंदाला तीन-साडेतीन पावले. प्रभावळ घड्याळाच्या काट्यासारखी टकटक करत सरकेल. ए४९८८ वर सोळाव्या भागाची सोय आहे, म्हणजे फेऱ्याला ३२०० छोटी पावले, आणि चाल मऊ होते. तरी थोडा गुणगुणाट राहतोच. अथर्वशीर्ष चालू असताना तोही नको असेल तर टीएमसी२२०९ घ्या. थोडा महाग आहे, पण मोटर फिरते आहे की नाही हे कान देऊनही कळत नाही. आम्ही यंदा तोच आणला आहे.

एवढे झाल्यावरही मोटर तापतेच, कारण थांबलेली असतानाही तिच्यातून करंट वाहत असतो. हात ठेवता येईल एवढी गरम असेल तर काळजी नाही. पण मोटरचा आधार थ्रीडी प्रिंटरवर पीएलएचा छापला असेल तर तो ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. एका घरची सरस्वती अशीच हळूहळू वाकून नमस्कार करू लागली होती. आधार लाकडाचा किंवा पत्र्याचा करा.

यंदाच्या चक्राचा प्रोग्रॅम पुन्हा तीच मुलगी लिहिते आहे, आता ती नववीत गेली. या वेळी तिने आमच्यासाठी एक कागद करून दिला आहे : मोटरचा करंट, रेझिस्टरवरचा आकडा, व्हीरेफ किती लावला, कोणी मोजला. चारही रकाने भरून सही केल्याशिवाय ती आम्हाला वीज चालू करू देत नाही. आरासीचे काम दर शनिवारी दुपारी गराजमध्ये चालू आहे. कोणाकडे बंद पडलेला जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर टाकू नका, घेऊन या. त्यात बहुधा एखादी स्टेपर मोटर निघते. तारा आमच्यासमोर मोजू आणि तिला कोणता बोर्ड शोभेल ते तिथेच ठरवू. चहा आहेच.