केडगावच्या छापखान्यातली आशा

ख्रिस्ती श्रद्धेतला आनंद म्हणजे दुःखाकडे केलेली डोळेझाक, असं अनेकांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण आहे पंडिता रमाबाईंचं केडगावातलं आश्रयस्थान. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा तिथे आणल्या. प्रार्थनेच्या जोडीला शेती, विणकाम, छापखाना हा तिथला रोजचा दिनक्रम होता. जिच्या हाती कधी पाटी आली नव्हती, ती शिशाचा एकेक खिळा उचलून ओळ जुळवू लागली!

'हे तर समाजकार्य, यात श्रद्धा कुठे?' हा प्रश्न रास्त आहे. पण या बायकांनी छापलं ते बायबल. साध्या बायांना कळावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून ते मराठीत आणलं. ही श्रद्धा आंधळीही नव्हती. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावरही तिथल्या धर्मभगिनींशी त्या पत्रांतून सिद्धान्तांवर वाद घालत राहिल्या. १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. भाषांतराचं काम मात्र थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ला रमाबाईंनी डोळे मिटले, त्याआधी ते पुरं झालं होतं.