कारखान्यांतील इथरनेट स्विच : बसविणें व तारजोडणी

गेल्या कांहीं वर्षांत लातूर व नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं एकत्र येऊन आपल्या कंपन्या व संघ स्थापन केले, आणि तूर, हरभरा व सोयाबीन हा माल जसाच्या तसा बाजारांत न नेतां तो स्वच्छ करून, प्रतवारी लावून अथवा डाळ करून विकण्याची वाट धरली. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु या उद्योगाबरोबर चाळणी, रंग पाहून दाणे निवडणारें यंत्र, वजनकांटा, संगणक अशीं नवीं साधनें आलीं, व तीं एकमेकांशीं जोडणारी एक लहानशी पेटीही आली. तिला स्विच म्हणतात. भिंतीवरील दिव्याच्या बटणाशीं हिचा कांहीं संबंध नाहीं. मोठ्या यंत्रांची चौकशी आपण दहा वेळां करतों; या पेटीविषयीं मात्र कोणी विचारीत नाहीं, आणि ती कोठें तरी खिळ्याला टांगून काम उरकलें जातें. त्याचा परिणाम काय होतो हें आम्हीं पाहिलें आहे, म्हणून हा लेख.

एका संघाच्या आवारांत वजनकांटा फाटकापाशीं व हिशेबाची खोली गोदामाच्या पलीकडील टोकास होती. दोहोंमध्यें सव्वाशे मीटर तांब्याची तार विजेच्या खांबांवरूनच नेलेली होती. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची आवक भरांत, आणि परतीचा पाऊस. एका सायंकाळीं आवारापासून दूर कोठें तरी वीज पडली. आवारांत ठिणगीही दिसली नाहीं, परंतु त्या क्षणापासून कांट्याचें वजन संगणकांत येईनासें झालें. कांटा धड, संगणक धड. तारेच्या दोन्ही टोकांच्या पेट्या मात्र निकामी झाल्या होत्या. ट्रॅक्टरांची रांग फाटकाबाहेर गेली, व तीन दिवस वजनें वहींत हातानें उतरून घ्यावीं लागलीं. पुढें पैसे वाटण्याची वेळ आली तेव्हां कोठें २६ चे ६२, तर कोठें ३ चे ८ झाल्याच्या तक्रारी निघाल्या. आमचें आयुष्य महसूल खात्याच्या वह्या लिहिण्यांत गेलेलें, म्हणून ती वही तपासण्यास आम्हांस बोलावण्यांत आलें. बहुतेक नोंदींचा निकाल लागला. चार नोंदींचा कोणासच लावतां आला नाहीं, आणि त्या चौघां शेतकऱ्यांनीं दुसऱ्या वर्षीं आपला माल संघाकडे आणला नाहीं. लबाडी कोणींच केली नव्हती. तार चुकीची होती, इतकेंच.

स्विच काय करतो :— इथरनेट ही यंत्रांनीं परस्परांस संदेश पाठविण्याची रीत रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनीं १९७३ सालीं अमेरिकेंत पालो आल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रांत सुरू केली, व १९८३ सालीं तिचें प्रमाण ठरविण्यांत आलें. विश्व व्यापून असणाऱ्या ज्या 'ईथर' द्रव्याची कल्पना पूर्वींचे शास्त्रज्ञ करीत, त्यावरून हें नांव पडलें. जशी प्रत्येक शेताला गट नंबर, तसा या रीतींत प्रत्येक यंत्राला कायमचा क्रमांक असतो, आणि प्रत्येक संदेशावर पाठविणाराचा व घेणाराचा असे दोन्ही क्रमांक घातलेले असतात. पूर्वीं या कामीं जी साधी पेटी वापरीत ती दवंडीसारखी होती. एकासाठीं आलेला निरोप ती सर्वांस ओरडून सांगे. स्विच हा कचेरींतील टपालाच्या कारकुनासारखा आहे. कोणता क्रमांक कोणत्या दारांतून आला याची नोंद तो आपल्याशीं ठेवतो, आणि पुढें त्या क्रमांकाचें टपाल त्याच दारांतून बाहेर पाठवितो. त्यामुळें कांट्याचा निरोप चाळणीच्या निरोपांत मिसळत नाहीं.

साधा स्विच कां नको :— कचेरींत वापरण्याचा स्विच बाजारांत स्वस्त मिळतो, व पुष्कळ ठिकाणीं तोच आणून बसवितात. तो बहुधा ४० अंश उष्णतेपर्यंतच टिकण्यासारखा केलेला असतो. आपल्याकडे वैशाखांत सावलींतच पारा ४० च्या वर जातो. पत्र्याच्या छपराखालील बंद पॅनेलमध्यें काय होत असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. त्यांतून डाळ-गिरणींत भुशाची धूळ, नांदेडकडील जिनिंगमध्यें सरकीच्या तंतूंची धूळ, आणि साखर कारखान्यांत वाफ. कारखान्यासाठीं केलेल्या स्विचला पंखा नसतो, म्हणून तो धूळ आंत ओढीत नाहीं. त्याची पेटी बहुधा धातूची असते. ६० किंवा ७५ अंशांपर्यंत तो काम देतो (नेमका आंकडा पेटीवरील पट्टीवर वाचून घ्यावा). आणि त्याला २४ व्होल्टच्या एकदिश विजेचे दोन निरनिराळे पुरवठे जोडण्याची सोय असते. एक पुरवठा गेला तर दुसऱ्यावर तो चालू राहतो.

जागा व बसविणें :— प्रथम वीज बंद करावी, व हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावें. परंतु मालकानें शेजारीं उभें राहावें. पॅनेलमध्यें ३५ मिलिमीटर रुंदीची धातूची पट्टी आडवी बसविलेली असते. स्विचच्या पाठीमागील आंकडा या पट्टीच्या वरच्या कडेस अडकवून खालचा भाग दाबला म्हणजे तो 'टक्' असा आवाज करून बसतो. वर व खालीं चार बोटें जागा मोकळी ठेवावी, म्हणजे उष्ण हवा वर निघून जाते. मोटरीचा वेग कमीजास्त करणारा ड्राइव्ह ज्या पॅनेलमध्यें असेल त्यांत शक्यतों स्विच बसवूं नये. नाइलाज असल्यास दोघांस दोन टोकांस ठेवावें. नंतर पेटीवरील अर्थिंगच्या स्क्रूला हिरवी-पिवळी तार जोडावी. हा स्क्रू पुष्कळ ठिकाणीं रिकामाच दिसतो. तो शोभेसाठीं दिलेला नाहीं. शेवटीं पुरवठ्याच्या तारा जोडण्यापूर्वीं मीटरनें २४ व्होल्ट आहेत कीं नाहींत हें पाहावें, आणि अधिक व उणें हीं टोकें आपल्या डोळ्यांनीं तपासावीं.

तांब्याची तार :— इथरनेटच्या केबलमध्यें आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या पिळलेल्या असतात. हा पीळच तिचा प्राण आहे. जवळच्या मोटरीचा उपद्रव जोडींतील दोन्ही तारांवर सारखाच पडतो, व घेणारें यंत्र फक्त दोन तारांतील फरक वाचतें. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखीच धूळ पडली तर कांटा हलत नाहीं, तसेंच हें आहे. म्हणून प्लग बसवितांना पीळ अर्ध्या इंचापेक्षां जास्त उलगडूं नये. प्लगमध्यें तारांचा सर्वमान्य क्रम असा : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या दोन तारा तिसऱ्या व सहाव्या जागीं येतात हें लक्षांत ठेवावें. अनेक कारागीर जोड्या ओळीनें एकापुढें एक लावून मोकळे होतात. दोन्ही टोकांस सारखीच चूक असल्यामुळें साध्या तपासणी-दिव्यावर सर्व ठीक दिसतें. परंतु दोन निरनिराळ्या जोड्यांतील तारा एकत्र काम करूं लागल्यामुळें पिळाचा उपयोग नाहींसा होतो, व गिरणी सुरू झाली कीं संदेश गळूं लागतात.

केबल विकत घेतांना तार चाकूनें खरवडून पाहावी. आंत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे; ती घेऊं नये. पॅनेलपासून पॅनेलपर्यंत एकंदर लांबी १०० मीटरच्या आंत असावी. त्याहून लांब तार कधीं कधीं चालतेही, आणि हेंच घातक आहे. कारण ती ऐन हंगामांत अडखळते. विजेच्या तारांबरोबर एकाच नळींतून ही केबल नेऊं नये. समांतर न्यावी लागल्यास निदान एक फूट अंतर ठेवावें, आणि ओलांडावी लागल्यास काटकोनांत ओलांडावी.

एका इमारतीकडून दुसरीकडे :— या लेखांतील मुख्य गोष्ट ती ही. एका इमारतींतून दुसऱ्या इमारतींत तांब्याची तार नेऊं नये. तेथें कांचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची, केबल टाकावी. वीज तारेवर पडावीच लागते असें नाहीं. ती दूर पडली तरी लांब तारेंत क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो. शिवाय दोन इमारतींचें अर्थिंग वेगवेगळें असलें तर त्या क्षणीं दोन्ही ठिकाणच्या जमिनीचा दाब सारखा राहत नाहीं, आणि तो फरक तांब्याच्या तारेवाटें पेट्यांतून धांवतो. कांचेंतून वीज वाहत नाहीं, तींतून केवळ प्रकाश जातो. म्हणून हा मार्गच बंद होतो. साध्या जातीच्या फायबरवरही सेकंदास दहा कोटी चिन्हांच्या वेगानें दोन किलोमीटरपर्यंत संदेश जातो. आपल्या आवारास तें पुष्कळ झालें. यासाठीं स्विच घेतांनाच त्यास फायबरचें दार आहे ना, हें विचारून घ्यावें, नाहीं तर मागाहून वेगळी पेटी घ्यावी लागते.

फायबरची केबल घेतांना जींत पोलादी कवच किंवा तार नाहीं अशी मागावी. नाहीं तर त्या पोलादावाटें वीज पुन्हां घरांत येते. ती प्लॅस्टिकच्या नळींतून सुमारें तीन फूट खोल पुरावी. आपली काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, म्हणून केबल ताणून न टाकतां दोन्ही टोकांस वेटोळें ठेवावें. फायबरला फार तीव्र वळण सोसत नाहीं हेंही ध्यानांत असावें. एवढ्यानें सर्व भय संपलें असें मात्र नव्हे. कांट्याच्या खोलींत विजेचा पुरवठा तांब्याच्या तारेनेंच येतो. तेथें दाबरोधक साधन निराळें बसविलें पाहिजे.

काळ्या जमिनींतील अर्थिंगविषयीं एक शब्द सांगणें जरूर आहे. ओली असतांना ही जमीन वीज चांगली घेते. परंतु मे महिन्यांत तीच कोरडी होऊन अर्थिंगच्या खड्ड्याभोंवतीं भेगा पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत वळवाच्या विजा कडाडूं लागतात. म्हणून उन्हाळ्यांत खड्ड्यांत पाणी घालीत जावें, व मृगापूर्वीं एकदां मीटरनें अर्थिंग मोजून घ्यावें. याविषयींचे भारतीय मानकाचे नियम आयएस ३०४३ यांत दिलेले आहेत. ठेकेदाराशीं करार करतांना त्याचा उल्लेख करावा.

फेरा नको :— दोन स्विच एकाच तारेनें जोडावे. एक तुटली तर दुसरी असावी या सद्बुद्धीनें कोणी दोन तारा जोडल्या, तर साध्या स्विचमध्यें अनर्थ होतो. सर्वांसाठीं असलेलें परिपत्रक पहिला दुसऱ्याकडे पाठवितो, दुसरा तें दुसऱ्या तारेनें परत करतो, पहिला पुन्हां पाठवितो, आणि क्षणार्धांत सर्व जाळें त्या एकाच कागदानें भरून बंद पडतें. यावरील उपाय रेडिया पर्लमन या विदुषींनीं १९८५ सालीं शोधून काढला. त्यांत स्विच आपण होऊन जादा वाट मिटून ठेवतात व गरज पडल्यास उघडतात. परंतु ही सोय प्रत्येक स्विचमध्यें नसते, व असली तरी ती चालू करावी लागते. तेवढी खात्री झाल्यावरच दुसरी तार जोडावी.

तपासणी व नोंद :— दारावरील दिवा लागला म्हणजे तार पोंचली इतकेंच सिद्ध होतें. ती चांगली आहे असें नव्हे. म्हणून गिरणी बंद असतांना तपासणी घेऊं नये. सर्वांत मोठी मोटर चालू-बंद करावी, आणि त्या वेळीं संगणकावरून कांट्याकडे शेंकडों चांचणी-संदेश पाठवून एकही गळत नाहीं हें पाहावें. तसें दाखविल्यावांचून ठेकेदाराचें शेवटचें बिल देऊं नये. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांस क्रमांक बांधावा, व कोणती तार कोठून कोठें जाते याचा नकाशा काढून पॅनेलच्या दारावर आंतून चिकटवावा. सातबाऱ्यावांचून जमीन आणि नकाशावांचून तारा, दोहोंतही पुढें भांडणच उत्पन्न होतें. एक जादा स्विच कपाटांत ठेवावा. हंगामांत तो लातूर किंवा नांदेडच्या बाजारांत वेळेवर मिळेलच असा भरंवसा धरूं नये.

स्विच उत्तम असला म्हणून कांटा खरा ठरत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ याप्रमाणें कांट्याची वेळोवेळीं पडताळणी होऊन त्यावर मोहोर पडली पाहिजे. तें काम निराळें. आणि एवढी काळजी घेऊनही एखादे दिवशीं जाळें बंद पडलेंच, तर वजन दोन प्रतींत लिहावें, आंकडा अक्षरांतही लिहावा, तो शेतकऱ्यास वाचून दाखवावा, व त्याची सही घेऊन एक प्रत त्याच्या हातीं द्यावी. वर सांगितलेल्या संघानें पुढें फायबर टाकलें, आणि ही दुहेरी पावतीही सुरू केली. चौघांपैकीं दोघे पुन्हां माल घालूं लागले आहेत. उरलेल्या दोघांचा विश्वास परत येण्यास अजून अवकाश आहे. तार एका दिवसांत बदलतां येते. विश्वास तसा बदलून मिळत नाहीं, म्हणून आरंभींच चार पैसे अधिक गेले तरी काम नीट करून घ्यावें, अशी आमची शेतकरी बंधूंस विनंति आहे.