चिमटा पुढे का वाकलेला असतो?

सायकलचं पुढचं चाक ज्या दोन पायांच्या मध्ये बसतं ना, त्याला दुकानात चिमटा म्हणतात. ठाणे-डोंबिवलीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. सोसायटीत चार महिने भिजलेली सायकल दिवाळीच्या सुट्टीत बाहेर काढली, की हँडल करकरतं. चिमट्याची नळी ज्यांच्यावर फिरते ते आतले छर्रे गंजलेले असतात. चला, चिमटाच काढू! मोठ्या माणसाला सोबत घ्या, पान्याला जोर लागतो.

आधी पुढचा ब्रेक आणि चाक सोडवा. हँडलच्या माथ्यावरचा लांब बोल्ट थोडासाच सैल करा. त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोका. आत नळीत एक पाचर असते, तिच्यामुळेच हँडल घट्ट राहतं. ती सुटली की हँडल वर निघतं. आता मोठा नट आणि त्याखालचा कप फिरवून काढा. एक हात चिमट्याला हवा आणि खाली जुनं कापड, कारण जेमतेम ४ मिलिमीटरचे छर्रे टपटप सांडतात. वरचे किती, खालचे किती, मोजून वेगळे ठेवा.

निघाला चिमटा? बाजूने बघा. टोकाशी पुढे वाकलाय. अपघातात नाही हं, कारखान्यातच!

चिमट्याची नळी सायकलमध्ये तिरकी बसते. ती तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. टायर जमिनीला टेकतो तो त्या रेघेच्या थोडा मागे. म्हणजे मॉलमधल्या ट्रॉलीच्या छोट्या चाकासारखं हे चाकही मागे मागे येतं आणि आपोआप सरळ होऊ बघतं. चिमटा वाकवला नसता, तर हे अंतर वाढून हँडल सुस्त झालं असतं. तो बाक ते अंतर बेताचं ठेवतो.

सायकल पडत का नाही, यावर डेव्हिड जोन्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७० मध्ये लेख लिहिला. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायची, हा त्याचा हट्ट! फिरत्या चाकामुळे तोल राहतो असं म्हणतात, म्हणून त्याने शेजारी उलटं फिरणारं चाक लावलं. सायकल तरी चाललीच. चिमटा उलटा बसवून ते अंतर वाढवलं, तर ढकलून सोडलेली रिकामी सायकल आणखीच स्थिर पळाली! चाक फार पुढे सरकवलं तेव्हा मात्र ती लगेच कोसळली. मग सगळी करामत त्या अंतराचीच? तसंही नाही. २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी ना ते अंतर, ना फिरत्या चाकाची मदत, अशी छोटी सायकल बनवली. तीही स्वतःचा तोल सांभाळत पळाली! वजन कुठे किती आहे यावरही बरंच ठरतं. पण सायकल ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला हँडल वळतं आणि ती सावरते, हे नक्की. मला तर हे फार भारी वाटतं.

म्हणूनच पुन्हा जोडताना नट जपून आवळायचा. कप पुसा, ग्रीस भरा, छर्रे मोजून बसवा. नट सैल राहिला तर चिमटा खडखडतो. फार आवळला तर हँडल आपणहून वळत नाही आणि सायकल रस्त्यावर हेलकावते. हँडलच्या दांड्यावरची खूण नळीच्या आत गेलीच पाहिजे, आणि ब्रेक मोठ्यांनी तपासल्याशिवाय बसायचं नाही.

मग सोसायटीच्या आवारात, हँडल न धरता, फक्त सीट धरून सायकल ढकला आणि किंचित डावीकडे कलवा. हँडल कुठे वळतं ते बघा.