श्रमदानावरचा नवा बोजा

राजगुरुनगरहून पुण्याच्या वाटेवर चाकणचे मोटारींचे कारखाने लागतात. आजची मोटार केवळ लोखंडाची राहिलेली नाही. तिच्या पोटात संगणक असतो आणि त्याला चालविणाऱ्या आज्ञावलींपैकी कित्येक स्वयंसेवकांनी लिहून सर्वांसाठी विनामूल्य खुल्या ठेवलेल्या असतात. संगणकांमधील माहितीची ने-आण करणारी ‘कर्ल’ ही त्यांपैकीच एक. १९९८ पासून स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग ती सांभाळीत आहेत. मोटारींपासून मोबाइलपर्यंत ती सर्वत्र पोचली आहे.

तिच्यातील सुरक्षेचे दोष दाखवून देणाऱ्यांना २०१९ पासून बक्षीस मिळत असे. हेतू चांगला होता. परंतु कृत्रिम बुद्धिमत्ता हाताशी आली आणि बक्षिसाच्या आशेने अहवालांचा पाऊस सुरू झाला. भाषा अस्खलित, मांडणी पंडिती आणि दाखविलेला दोष मुळात अस्तित्वातच नाही! स्टेनबर्ग यांनी जुलै २०२५ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार त्या वर्षीच्या अहवालांपैकी सुमारे २० टक्के अशी यंत्राची पोकळ बडबड होती. खरे ठरले ते जेमतेम ५ टक्के. एकेका अहवालात तीन-चार जण गुंततात, अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत. त्यांतील काहींपाशी या कामासाठी आठवड्याला तीनच तास असतात. एका थापेत आठवडा संपतो.

अर्ज खोटा असला, तरी कारकुनाला तो वाचावाच लागतो. पूर्वी खोटा अर्ज लिहिण्यासही काही कष्ट पडत. आता लिहिणे फुकट झाले, तपासणे मात्र पूर्वीइतकेच महाग राहिले. न तपासावे, तर ‘लांडगा आला रे’ या ओरडीत खरा लांडगा निसटायचा. अखेर जानेवारी २०२६ च्या शेवटी बक्षीस बंद झाले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

दोष यंत्राचा म्हणावा, तर सप्टेंबर २०२५ मध्ये एका संशोधकाने यंत्राच्याच साहाय्याने काढलेल्या यादीतून ‘कर्ल’मध्ये सुमारे ५० दुरुस्त्या झाल्या. फरक माणसात आहे. यंत्राचे उत्तर पडताळून पुढे पाठविणे हा अभ्यास. न वाचता पाठविणे म्हणजे उचलली जीभ, लावली टाळ्याला.

आपल्या भागातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे सांगण्याची जबाबदारी शिक्षकांची आहे. जो दोष स्वतः घडवून दाखविता येत नाही, तो कळवू नये, एवढा साधा नियम पुरे. आणि ज्या कारखान्यांची चाके या श्रमदानावर फिरतात, त्यांनी तपासणीचा खर्च तरी उचलावा. श्रमदान फुकट मिळते. ते करणाऱ्यांचा वेळ फुकटचा नसतो.