क्रियापद गिळलेली शिवी

अवकाळी पाऊस होऊन गेला, की कुठलीही मराठी वृत्तवाहिनी लावा. बांधावर वार्ताहर उभा असतो, मागे भिजलेल्या कांद्याचा ढीग, आणि शेतकऱ्याच्या तोंडासमोर बूम. ‘‘साहेब, चार महिने राबलो, आन् च्यायला एका रात्रीत...’’ एवढं त्याच्या तोंडून निघतं, तोच स्टुडिओतून आवाज येतो, ‘‘दादा, आपण लाइव्ह आहोत, शब्द जपून वापरा.’’ शेतकरी ओशाळतो. पुढचं वाक्य राहूनच जातं. एका रात्रीत काय झालं, ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

त्या माणसानं शिवी दिली का? दिली असेल तर कोणाला?

‘च्यायला’ हा शब्द जरा उलगडून पाहू. मूळ ‘तुझ्या आईला’. घाईघाईत ‘तुझ्या’ झिजून ‘च्या’ उरला, ‘आईला’ त्याला चिकटला आणि ‘च्यायला’ झाला. तो आणखी झिजला, की ‘आयला’. आईला पुढे काय करायचं, ते सांगणारं क्रियापद मात्र बोलणाऱ्यानं केव्हाच गिळून टाकलेलं आहे. शिवीचा सगळा दाह त्या क्रियापदात होता. ते गेलं, मागे नुसती विभक्ती राहिली. विभक्तीनं कोणाची अब्रू जात नाही.

अशा सोवळ्या करून घेतलेल्या शिव्या मराठीत मुबलक आहेत. ‘आईच्या गावात’ म्हणताना जीभ निघते भलतीकडे आणि ऐनवेळी गावाच्या वेशीत शिरते. शहरातली पोरं ‘भेंडी’ म्हणतात, तेव्हा पहिलं अक्षर हातातून निसटलेलं असतं, पण दुसऱ्या अक्षराला भाजी मदतीला धावून येते. ‘आयचा घो’मधला ‘घो’ म्हणजे मालवणी-कोकणीत नवरा. शब्दशः अर्थ लावला, तर निघतात फक्त वडील. तरीही २०१० साली महेश मांजरेकरांच्या ‘शिक्षणाच्या आयचा घो’ या चित्रपटाच्या नावावरून गदारोळ झाला. चित्रपट त्याच नावानं लागला आणि आईबापांनी तो शाळकरी मुलांना बरोबर नेऊन पाहिला.

उलट, कोकणातली आजी नातवाला ‘मेल्या, जेवलास काय?’ असं विचारते. ‘मेल्या’ म्हणजे मेलेला. याहून अभद्र ते काय बोलायचं? पण त्यावर कोणी बीप वाजवत नाही, कारण त्या शब्दातली माया सगळ्यांना ऐकू येते. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. मच्छिंद्र कांबळींच्या तोंडच्या मालवणी शिव्यांना घरंदाज प्रेक्षकांनी अख्खी कुटुंबं घेऊन दाद दिली. शब्द तोच असला, तरी बोलणारा, ऐकणारा आणि सूर बदलला, की त्याचं वजन बदलतं.

हे वजन काळानुसारही उतरतं. १९१४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुलवाली पोरगी नव्यानं शिकलेल्या नाजूक उच्चारांत ‘ब्लडी’ म्हणाली आणि त्या एका शब्दावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. याच नाटकावरून १९५६ मध्ये ‘माय फेअर लेडी’ आलं, तोवर ‘ब्लडी’ पार गुळगुळीत झाला होता. प्रेक्षक दचकावेत म्हणून त्याहून झोंबणारा शब्द घालावा लागला. पुलंनी १९७५ मध्ये या नाटकाची ‘ती फुलराणी’ केली, तेव्हा त्यांचीही भिस्त होती ती फुलवाल्या मंजुळेच्या रांगड्या बोलीवरच. ती बोली परीटघडीची केली असती, तर नाटकच उरलं नसतं.

मग टीव्हीनं काय करावं? ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था प्रेक्षकांनाच विचारून शब्दांची सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रतवारी लावते. सर्वांत तीव्र शब्दांना रात्री नऊ ते पहाटे साडेपाच या वेळेतच मुभा आहे. ‘ब्लडी’ तिथे आज सौम्यांत मोडतो. आपल्याला ही कल्पना परकी वाटायचं कारण नाही. शिमग्याला बोंब मारायची, शिव्या घालायच्या, आणि त्या कोणी मनावर घ्यायच्या नाहीत, ही आपलीच रीत. पण शिमग्यालाही तिथी असते. गावानं शिवीला बंदी घातली नाही, वेळ ठरवून दिली.

आपल्याकडे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधल्या सहाव्या नियमात कार्यक्रम संहिता आहे. सुरुचीला किंवा सभ्यतेला बाधा आणणारं काही दाखवू नये, असं ती सांगते. अमुक शब्द चालेल, तमुक चालणार नाही, अशी यादी तिच्यात नाही. त्यामुळे ‘सुरुची’ म्हणजे काय, ते निवेदकानं त्या क्षणी ठरवायचं. तो बिचारा सुरक्षित बाजू धरतो आणि शेतकऱ्याला गप्प करतो.

सर्वोच्च न्यायालयानं या गुंत्याचं एक टोक सोडवलं आहे. ‘कॉलेज रोमान्स’ या वेब मालिकेतल्या शिव्यांवरून झालेला खटला रद्द करताना मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं सांगितलं, की भाषा असभ्य किंवा शिवराळ आहे एवढ्यानं ती अश्लील ठरत नाही. अर्थात, वेब मालिका आपण मुद्दाम शोधून लावतो. टीव्ही जेवणाच्या वेळी, तीन पिढ्यांच्या देखत चालू असतो. म्हणून टीव्हीनं जास्त जपावं, हे रास्तच आहे.

पण लाइव्हची गोची वेगळी. तिथे कात्री चालवायला सवडच नसते. अमेरिकी वाहिन्या मोठे सोहळे काही सेकंद मागे ठेवून दाखवतात. २०२२ च्या ऑस्कर सोहळ्यात विल स्मिथनं मंचावर जाऊन ख्रिस रॉकला थप्पड मारली आणि जागेवर येऊन शिवी हासडली, तेव्हा अमेरिकेत आवाज बंद झाला. जपान-ऑस्ट्रेलियातल्या प्रेक्षकांनी मात्र सगळं ऐकलं. आपल्या संसदेतही असंसदीय शब्द कामकाजातून वगळले जातात, पण थेट प्रक्षेपणातून ते तोवर घराघरांत पोचलेले असतात. शिमगा गेला तरी कवित्व उरतं, तशी चित्रफीत फिरत राहते. तिला फिरवण्यात वाहिन्याच पुढे असतात. सकाळी निसटलेला एक शब्द बीप लावून संध्याकाळपर्यंत शंभरदा वाजवतात. बीपनं शिवी झाकली जात नाही. उलट, ज्याचं लक्षही गेलं नसतं, तो प्रत्येक जण मनातल्या मनात गाळलेली जागा भरतो.

आणि ज्यावर बीप वाजत नाही, त्याचं काय? एप्रिल २०२० मध्ये क्रिकेटपटू युवराज सिंग रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर थेट गप्पा मारत होता. हसत-खेळत, सहकाऱ्याची थट्टा करताना त्यानं एका दलित जातीचं नाव टोमणा म्हणून वापरलं. त्यात ना आई होती, ना बहीण. पण जून महिन्यात त्याला जाहीर खेद व्यक्त करावा लागला आणि पुढे हरियाणात गुन्हाही दाखल झाला. तो शब्द कुठल्याही शिवीकोशात ‘सौम्य’च गणला गेला असता. लागला मात्र हजारो घरांना.

रोजच्या चर्चांतही हेच दिसतं. नऊच्या कार्यक्रमात ‘‘तुझी लायकी काय आहे?’’, ‘‘बायकांनी यात पडू नये’’ ही वाक्यं शुद्ध मराठीत, बीपशिवाय ऐकू येतात. त्यांतलं क्रियापद कोणी गिळलेलं नसतं. रोख समोरच्यावर असतो, आणि तो बरोबर लागतो.

म्हणून माझा कौल असा: लाइव्हवर उद्गार चालावा, रोख चालू नये. नशिबाला, पावसाला, चुकलेल्या झेलाला उद्देशून निघालेल्या ‘च्यायला’नं कोणाचं काही बिघडत नाही. मुलांच्या कार्यक्रमात तो नको, आणि निवेदकानं स्वतः वापरू नये, एवढं पथ्य पुरे. समोरच्या माणसाला, त्याच्या जातीला, तिच्या बाईपणाला उद्देशून काही आलं, तर मात्र ते कितीही सोज्वळ शब्दांत असो, चर्चा तिथेच थांबवावी, प्रेक्षकांची एका वाक्यात माफी मागावी आणि ती फीत पुन्हा दाखवू नये.

आणि बांधावरच्या त्या शेतकऱ्याला बोलू द्यावं. त्याचं वाक्य अजून पुरं व्हायचं आहे.