गाणं तुमच्या आवडीचं, गल्ला कोणाच्या आवडीचा?



समजा, तुम्ही कर्वेनगरला छोटासा कॅफे टाकताय. मशीन आलं, बोर्ड लागला, मेन्यू ठरला. आता स्पीकरवर काय वाजवायचं? तुम्हाला इंडिपेंडंट म्युझिक आवडतं. म्हणजे ज्याच्यामागे सिनेमा नाही, मोठी कंपनी नाही, कलाकारानेच केलेलं आणि त्यानेच लोकांपर्यंत नेलेलं संगीत. पार्टनर म्हणतो, "अरे, लोकांना पाठ असलेली हिट गाणी लाव. गर्दी होईल!"

हा वाद फक्त गाण्यांचा नाहीये. मसाले विका, कुर्ते शिवा नाहीतर क्लास काढा, प्रत्येकाला एक दिवस ठरवावं लागतं: मला आवडतं ते विकायचं, की सगळ्यांना आवडतं ते? आणि इथे चुकलं की भाडं, पगार, हप्ते सगळं तुमच्या खिशातून जातं. याची उत्तरं आपल्या पुण्यातच सापडतात. चला, बघूया.

पहिली गोष्ट: मेनस्ट्रीम म्हणजे काय, ते जागा ठरवते.

१९५३ मध्ये पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला. शास्त्रीय संगीत म्हणजे मोजक्या लोकांचं, असं आपण सहज बोलून जातो. पण डिसेंबरच्या थंडीत शाल गुंडाळून हजारो लोक तिकीट काढून तासन्‌तास गाणं ऐकत बसतात. या गर्दीसाठी राग यमन हेच मेनस्ट्रीम! म्हणून "पब्लिकला काय आवडतं" हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणतं पब्लिक? सदाशिव पेठेतलं की विमाननगरमधलं? सकाळी फिरून येणारे आजोबा, की संध्याकाळी लॅपटॉप उघडून बसणारी मुलं?

दुसरी गोष्ट: नुसतं वेगळं असून भागत नाही.

संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३ मध्ये 'आयुष्यावर बोलू काही' सुरू केलं. सिनेमाची गाणी नाहीत, स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली. तरीही नाट्यगृहं भरली, शेकडो प्रयोग झाले. माझ्या मते याचं कारण विषयात आहे. 'दमलेल्या बाबाची कहाणी' घ्या. कामावरून उशिरा घरी येणारा बाप आणि झोपून गेलेलं लेकरू. हे कोणत्या घरात घडत नाही? मार्ग स्वतंत्र होता, पण भावना घराघरातली होती. तुमचा माल वेगळा असू दे, पण तो गिऱ्हाइकाच्या कोणत्या गरजेला हात घालतो, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता यायला हवं. "आमचं जरा हटके आहे" हे त्याचं उत्तर नाही.

तिसरी गोष्ट: ओळखीच्या दारातून अनोळखी आत आणा.

एनएच७ वीकेंडर हा इंडिपेंडंट संगीताचा मोठा महोत्सव २०१० मध्ये पुण्यातच सुरू झाला. एकाच मैदानावर वेगवेगळे स्टेज आणि प्रत्येकावर वेगळ्या प्रकारचं संगीत. २०१५ च्या पुण्यातल्या महोत्सवात मात्र मंचावर कोण होतं? ए. आर. रहमान! सिनेसंगीतातलं एवढं मोठं नाव. याने महोत्सव बाटला का? व्यवसायाच्या नजरेतून बघा. ओळखीच्या नावासाठी तिकीट काढलेला माणूस वाटेत दोन नवे बँडही ऐकतो. तुमच्या मेन्यूत चहा आणि वडापाव असेल, तर त्यांच्याशेजारी तुमची खास नाचणीची कुकीसुद्धा खपू शकते.

चौथी गोष्ट: मेनस्ट्रीमला कमी लेखू नका.

२०१६ चा 'सैराट' आठवा. त्यातल्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ठेका आपल्या मातीतला, पण मेहनत जागतिक दर्जाची. सगळ्यांना आवडणारं करणं सोपं असतं, हा गैरसमज काढून टाका. तिथे स्पर्धा जास्त, म्हणून दर्जाही जास्त लागतो.

मग आपल्या कॅफेत काय करायचं? वाद घालू नका, मोजा. एक आठवडा सकाळी तुमची आवड वाजवा आणि संध्याकाळी पार्टनरची. पुढच्या आठवड्यात वेळा उलट करा, नाहीतर फरक गाण्याचा की वेळेचा हेच कळणार नाही. वहीत तीन आकडे लिहा: गिऱ्हाईक किती वेळ बसलं, दुसरी ऑर्डर दिली का, आणि परत आलं का. "वा, छान गाणं आहे" असं म्हणणारे पुष्कळ भेटतील. पण मित्रांनो, कौतुकाने वीजबिल भरलं जात नाही. स्वतःच्या पैशाने दुसऱ्यांदा येतो, तोच तुमचा खरा श्रोता.

आणि एक कायद्याची गोष्ट, जी बरेच जण विसरतात. फोनवरच्या म्युझिक ॲपचं सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापरासाठी असतं. दुकानात, कॅफेत गाणी वाजवायची तर कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवाना लागतो. रेकॉर्डिंगचा हक्क वेगळा आणि शब्द-चालीचा हक्क वेगळा, हेही लक्षात ठेवा. इथे इंडिपेंडंट कलाकाराचा एक फायदा आहे: हक्क त्याच्याकडेच असतील तर तुम्ही त्याच्याशी थेट बोलू शकता. पण हक्क कोणाला दिलेत का, ते आधी विचारा, परवानगी लेखी घ्या आणि त्याला मोबदला द्या. तोही तुमच्यासारखाच छोटा उद्योजक आहे. "तुझी जाहिरात होईल" म्हणून फुकट मागू नका. तुमच्याकडे कोणी असं फुकट कॉफी मागितली तर चालेल का?

आजचा गृहपाठ: तुमच्या व्यवसायातली एक गोष्ट निवडा, जी तुम्हाला मनापासून आवडते पण खपत नाही. ती बंद करण्याआधी विकत घेणाऱ्यांची नावं लिहून काढा. पाच असली तरी चालतील. त्या पाच जणांना फोन करा आणि विचारा, "हे का घेतलंत?" ते जे शब्द वापरतील, तेच शब्द उद्या तुमच्या बोर्डवर लिहा.