क्रॉसबो
(आडवे धनुष्य). लाकडी दांड्यावर आडवे बसविलेले, ताणलेली प्रत्यंचा खटक्यात अडकवून नंतर चाप ओढताच बाण सोडणारे धनुष्य. साध्या धनुष्याची प्रत्यंचा नेम साधेपर्यंत हातानेच ताणून धरावी लागते. येथे तो भार खटका पेलतो. साहजिकच धनुर्धराला वर्षानुवर्षांच्या सरावाने कमवावे लागणारे सामर्थ्य नवशिक्या सैनिकालाही थोडक्या शिक्षणाने लाभू लागले. या अस्त्राचा प्रसार आणि त्याविषयीचा रोष या दोहोंचे मूळ यातच आहे.

चीनमध्ये इ. स. पू. चौथ्या शतकात ते युद्धात वापरले जात होते. शीआनजवळ पहिल्या चिनी सम्राटाच्या समाधिक्षेत्रात मृण्मय सैन्यासोबत त्याचे काशाचे खटके सापडले आहेत. ग्रीकांचे ‘गॅस्ट्राफेटिस’ पोटाचा दाब देऊन ताणीत. त्याचे नावही पोटावरूनच पडले.

यूरोपीय नावांचा इतिहास मनोरंजक आहे. लॅटिन ‘आर्कस’ (धनुष्य) व ‘बॅलिस्टा’ (क्षेपणयंत्र) यांपासून ‘आर्कुबॅलिस्टा’ हा शब्द बनला. ‘बॅलिस्टा’चे मूळ ‘फेकणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘आर्बालेस्त’ झाले व इंग्रजीने त्यावरून ‘आर्बालेस्ट’ घेतला. जर्मन भाषेत तोच शब्द ‘आर्मब्रुस्ट’ असा रूढ झाला. त्यात ‘बाहू’ आणि ‘छाती’ हे शब्द दिसतात व अस्त्र धरण्याच्या पद्धतीशी ते जुळतातही; पण ही केवळ लोकव्युत्पत्ती होय. परक्या शब्दाला ओळखीचा पेहराव चढला, इतकेच. इंग्रजी ‘क्रॉसबो’ हे नाव मात्र सरळ आहे : धनुष्य दांड्याला आडवे जाते, म्हणून ते ‘क्रॉस’.

सामान्य पायदळ सैनिकाने चिलखती सरदारास दुरून ठार करावे, हे मध्ययुगीन यूरोपला सहजी मानवणारे नव्हते. 1139 च्या दुसऱ्या लॅटरन धर्मपरिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुर्धर व क्रॉसबोधारी यांचा वापर निषिद्ध ठरविला; बंदी पाळली मात्र गेली नाही. इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड 1199 मध्ये फ्रान्समधील शाल्यूच्या वेढ्यात याच अस्त्राच्या बाणाने जखमी होऊन मरण पावला.

पुढे पोलादी धनुष्ये आली. ती ताणण्यास दंतचक्राची किंवा रहाटाची साधने लागत. जोर वाढला तसा वेग घटला. क्रेसीच्या लढाईत (1346) इंग्रजांच्या लांब धनुष्यांपुढे जेनोआचे क्रॉसबोधारी टिकले नाहीत. सोळाव्या शतकात बंदुकीने रणांगणावरील त्याची जागा घेतली. शिकार व नेमबाजीत ते टिकून आहे.